चार नंबर

बऱ्हाणपूरचा इतिहास सांगायला बसलं की आपण फारूकी सुलतान, रहीम खानखाना, कुंडी भंडारा करत करत मुमताज महलपाशी येतो आणि तिथेच थांबतो. ती 1631 साली इथे वारली हे शाळेतलं पोरगंही सांगतं. पण इंदूर-इच्छापूर रस्त्याच्या कडेला, ऑइलने काळ्या पडलेल्या मातीत उकिडवं बसून ज्यांनी या गावाचा माल चालता ठेवला, त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. मला त्या इतिहासाचा एकच तुकडा नीट माहीत आहे. ट्रकचं मिसिंग कसं शोधायचे, तो.

मिसिंग म्हणजे इंजिनातला एखादा सिलिंडर पेटेनासा होणं. सहा जणांनी गाडा ओढायचा आणि एकाने नुसतं हात लावून चालायचं, असा प्रकार. गाडी थरथरते, चढावर दम सोडते, सायलेन्सरमधून पांढरट धूर येतो आणि आवाजाची लय तुटते. जुने मिस्त्री म्हणायचे की हा शब्द पेट्रोलच्या लॉऱ्यांबरोबर आला. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकायला काढलेले ट्रक होते, मग कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातले डॉज आणि फार्गो. पेट्रोलच्या इंजिनात दोष शोधायचा तर एकेका प्लगची वायर काढून बघायची. वायर काढल्यावर आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर चोर तोच.

1954 साली टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला डिझेल ट्रक बनायला लागले. करार 1969 ला संपला, समोरच्या जाळीवरचा तीन टोकांचा तारा गेला, तरी आमच्याकडचे म्हातारे ड्रायव्हर कितीतरी वर्षं टाटाच्या गाडीला ‘मर्सिडी’च म्हणत. डिझेलमध्ये प्लग नाही, ठिणगी नाही. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापते आणि डिझेलचा फवारा पडताच भडका होतो. मग वायर कुठली काढणार? मिस्त्रींनी जुनीच युक्ती नव्या इंजिनाला लावली. चालू इंजिनात नोझलकडे जाणाऱ्या पाइपाचा नट पान्याने सैल करायचा. डिझेल बाहेर सांडतं आणि तेवढा सिलिंडर बंद पडतो. बाकी सगळं कानावर. टाटाच्या इंजिनांची नावंही गॅरेजमध्येच कळायची: 692 म्हणजे सहा सिलिंडर आणि 92 मिलिमीटरचा बोअर, 697 म्हणजे 97 चा. पेटण्याचा क्रम एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. हा क्रम मला पाढ्यांच्याही आधी पाठ झाला असं आमची आई म्हणायची.

आमच्याकडे टाटाची 1210 होती, 1972 चं मॉडेल, इंजिन 692. अण्णांनी ती जुनी घेतली, कर्ज काढून. माल म्हणजे मुख्यतः केळी. पूर्वी केळी रेल्वेने जायची, लालबागच्या स्टेशनवरून, तिकडे रावेर-सावद्याहून. मग हळूहळू ट्रक वाढले. केळीचं एक लक्षात ठेवा: घड हिरवा कापतात, पण कापल्या क्षणापासून घड्याळ चालू होतं. मे महिन्यात भरलेला ट्रक रस्त्यात अर्धा दिवस उभा राहिला की आतली केळी उबतात आणि दिल्लीला पोचेपर्यंत पिवळी होतात. पिवळ्या केळीला मंडीत कोण विचारतो!

आणि 1983 च्या उन्हाळ्यात आमच्या गाडीने नेमका असीरगडचा चढ धरला. दिल्लीकडे जायला तोच रस्ता. दक्षिणेचा दरवाजा म्हणून अकबराने 1601 साली जो किल्ला घेतला, त्याच्या पायथ्याशी आमची गाडी खोकायला लागायची. सकाळी स्टार्टरला हात लावला की लगेच चालू. निंबोल्यापर्यंत आवाज सोन्यासारखा. चढ लागला, इंजिन तापलं, की भट-भट सुरू. तासभर उभी केली की पुन्हा शहाण्यासारखी. गॅरेजला आणेपर्यंत ती थंड, आणि थंड गाडीत रोग सापडत नाही.

दोन खेपा वाया गेल्या. फिल्टर बदलले, टाकी उतरवून धुतली, लाइनमधली हवा काढली, नोझल तपासून आणले. पंप मोठ्या शहरातल्या एका दुकानात दोनदा कॅलिब्रेशनला गेला. तिसऱ्यांदा तिथून सांगणं आलं की नवा पंप टाका. नव्या पंपाची किंमत ऐकून अण्णा रात्री जेवले नाहीत. हप्ते थकलेले, गाडी विकायची बोलणी घरात सुरू झालेली. आजारी जनावराला बाजारात भाव मिळत नाही, तेच ट्रकचं.

मग अण्णा उस्तादकडे गेले. उस्तादचं गॅरेज म्हणजे दोन निंबाची झाडं आणि एक पत्र्याची टपरी. ते आधी पान्याला हात लावेनात. म्हणाले, “भाऊ, गाड़ी बीमार कहाँ होती है, वो जगह दिखाओ.” वाळूची पोती भरून वजन केलं आणि उस्ताद, अण्णा, ड्रायव्हर आणि मी असे असीरगडला निघालो. मी दहावीत होतो, सुट्टी होती, म्हणून.

चढाच्या सुरुवातीला भट-भट सुरू झाली तशी गाडी बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं. उस्तादांनी आधी बाटलीतलं पाणी थेंब थेंब एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक फाट्यावर टाकलं. पाच फाट्यांवर पाणी चर्रकन उडालं. चौथ्यावर जरा रेंगाळलं. मग पान्याने एकेक नट सैल करत गेले. एकचा केला, आवाज पडला. दोनचा केला, पडला. चारचा केला, काहीच नाही. पुन्हा करून दाखवला, अण्णांना म्हणाले, तुम्ही ऐका. अण्णांनाही कळलं. इतके महिने ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडे पाने होते, कानही होते, फक्त गरम गाडी नव्हती.

आता कोणालाही वाटेल, नोझल बदला आणि चला. उस्तादांनी चारचा नोझल दोनला आणि दोनचा चारला लावला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच चढ. दोष नोझलचा असता तर तो त्याच्याबरोबर दोनला गेला असता. गेला नाही, चारलाच बसून राहिला. मग पंपावरचे डिलिव्हरी व्हॉल्व्ह तसेच अदलाबदल केले. तिसरी फेरी. रोग चारलाच. उस्ताद म्हणाले, डिझेल बेकसूर आहे, पंपवाल्याला पैसे देऊ नका. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतलं शहाणपण इथे आहे. अदलाबदलीला एक पैसा लागला नाही. नवा भाग टाकून पाहणं म्हणजे मालकाच्या खिशाने अंदाज करणं.

डिझेल ठीक, मग उरला दाब. तिथेच, चढावर, इंजिन बंद करून वरचं झाकण गरम गरम उघडलं. टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये केसभर फट असावी लागते, कारण तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते. व्हॉल्व्ह बंद असताना पुश रॉड दोन बोटांनी फिरवून बघायचे: फिरला तर फट आहे. चारच्या एक्झॉस्टचा फिरेना. म्हणजे तापल्यावर तो व्हॉल्व्ह पुरता बसतच नव्हता, दाब तिथून निसटत होता. थंड असताना फिलर गेज जेमतेम का होईना जायची, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

फट वाढवली, गाडी सुसाट. अण्णांनी पेढे आणले. दोन खेपांनंतर पुन्हा भट-भट.

मला वाटलं उस्ताद वैतागतील. ते उलट खूश झाले. फट आपोआप कमी होते आहे, याचा अर्थ व्हॉल्व्ह रोज थोडा थोडा वर चढतो आहे, म्हणजे त्याची बैठक खचते आहे. “अब हेड उतारेंगे.” याआधी हेड उतरवायचं दोघांनी सुचवलं होतं, पण का उतरवायचं हे कोणाला सांगता आलं नव्हतं.

हेड निघालं. चारच्या एक्झॉस्टची सीट झिजून आत गेलेली, व्हॉल्व्हची कड एका बाजूने जळालेली. खराद्याकडून नवी सीट बसवून घेतली, व्हॉल्व्ह नवा. पेस्ट लावून तो घासायचं काम माझ्याकडे आलं. दोन तळव्यांमध्ये दांडा धरून, रवी घुसळतात तसं. झाल्यावर उस्तादांनी पोर्टमध्ये रॉकेल ओतलं आणि बिडी पेटवून लांब जाऊन बसले. बिडी संपेपर्यंत खाली थेंब आला नाही.

खर्च किती आला तो आकडा आता नक्की आठवत नाही, पण अण्णा तो लोकांना सांगताना नव्या पंपाची किंमत आधी सांगायचे.

आज तसे ट्रक संपत आले. 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्या बीएस-6 च्याच विकायच्या, पंपाच्या जागी कॉमन रेल, आणि नट सैल करायची युक्ती तिथे जीवावर बेतेल, इतका त्या पाइपात दाब असतो. आता स्कॅनर जोडतात. पी-0304 असा कोड आला की चार नंबर मिसिंग. जे शोधायला आम्हाला असीरगड चढावा लागला ते तारेतून दोन मिनिटांत येतं, आणि चांगलंच आहे, केळी वाचतात. पण कोड ‘चार’ म्हणतो आणि गप्प बसतो. नोझल, वायर की सीट, ते पुढे माणसालाच बघावं लागतं. माझा भाचा खंडव्याला हेच काम करतो, तोही आधी अदलाबदलच करतो. त्याला हे कोणी शिकवलं विचारलं तर म्हणाला, मामा, तुम्हीच तर सांगत असता जेवताना.

1210 पुढे आठ वर्षं आमच्याकडे होती. विकली तेव्हा घेणाऱ्याने गिऱ्हाइकी पद्धतीने नाक मुरडलं, तर अण्णांनी गाडी भरून दाखवायला सांगितली आणि त्याला घेऊन असीरगडला गेले.