मोटारीचे सीएनजी रूपांतरण

मोटारीचे सीएनजी रूपांतरण म्हणजे मूळ पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीत अतिरिक्त यंत्रसामग्री बसवून ती संपीडित नैसर्गिक वायूवर चालण्यायोग्य करण्याची प्रक्रिया होय. या यंत्रसामग्रीस बोलीभाषेत 'सीएनजी किट' म्हणतात. रूपांतरणानंतरही पेट्रोलची टाकी आणि तिची यंत्रणा मोटारीत कायम राहते. चालक एका कळीच्या साहाय्याने दोहोंपैकी कोणतेही इंधन निवडू शकतो, म्हणून अशा मोटारीस द्वि-इंधन वाहन असे संबोधले जाते. कारखान्यातूनच सीएनजी यंत्रणेसह बाहेर पडणारी वाहने या व्याख्येत मोडत नाहीत.

भारतात पेट्रोलच्या तुलनेने कमी इंधनखर्च हे रूपांतरणाचे प्रमुख कारण आहे. उच्च दाबाखालील ज्वलनशील वायूचा संबंध येत असल्याने संचाची निवड, जोडणी, नोंदणी आणि नियतकालिक तपासणी या बाबी कायद्याने नियंत्रित केल्या आहेत.

इंधनाचे गुणधर्म

नैसर्गिक वायूत मुख्यत्वे मिथेन असतो. सामान्य दाबाला तो फार मोठी जागा व्यापतो, त्यामुळे वाहनात साठवण्यासाठी तो सुमारे २०० बार दाबाखाली सिलिंडरमध्ये भरला जातो. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब साधारण २ बार असतो, हे लक्षात घेता सिलिंडरमधील दाब त्याच्या जवळजवळ शंभरपट ठरतो. एवढ्या दाबाखालीही सामान्य तापमानास मिथेनचे द्रवात रूपांतर होत नाही. घरगुती वापराचा द्रवीकृत पेट्रोलियम वायू, म्हणजेच एलपीजी, मात्र थोड्याच दाबाला द्रवरूप होतो. त्याची टाकी तुलनेने पातळ पत्र्याची असते आणि ती सीएनजीसाठी कदापि वापरता येत नाही.

सीएनजी हवेपेक्षा हलका असतो. गळती झाल्यास तो वर जाऊन विरतो, तर एलपीजी आणि पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचून राहते. हवेतील मिथेनचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच मिश्रण पेट घेते. ते आपोआप पेटण्याचे तापमान सुमारे ५४० अंश सेल्सिअस, म्हणजे पेट्रोलपेक्षा बरेच अधिक आहे. मिथेनला स्वतःचा वास नसतो. गळती लक्षात यावी म्हणून त्यात उग्र वासाचे गंधकयुक्त संयुग मिसळतात.

भारतात सीएनजी किलोग्रॅमने विकला जातो. एक किलोग्रॅम सीएनजीमधील ऊर्जा सुमारे दीड लिटर पेट्रोलमधील ऊर्जेइतकी असते. म्हणूनच सीएनजीवर 'किलोमागे' मिळणारे अंतर पेट्रोलवर 'लिटरमागे' मिळणाऱ्या अंतरापेक्षा अधिक दिसते. या दोन आकड्यांची थेट तुलना दिशाभूल करणारी ठरते. खरी तुलना प्रतिकिलोमीटर खर्चाची करावी लागते.

इतिहास

मोटारींसाठी संपीडित मिथेनचा वापर इटलीत १९३०च्या दशकात सुरू झाला. उत्तर इटलीतील पो नदीच्या खोऱ्यात नैसर्गिक वायू उपलब्ध होता आणि आयात तेलावरील अवलंबित्व कमी करणे हे तत्कालीन सरकारचे धोरण होते. रूपांतरण संच बनवणारे अनेक नामांकित उत्पादक आजही इटलीतील आहेत. त्यांपैकी लांदी रेन्झो ही कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली.

न्यूझीलंडमध्ये १९७९च्या तेलसंकटानंतर सरकारी साहाय्याने एक लाखाहून अधिक वाहनांचे रूपांतरण झाले. साहाय्य थांबल्यावर आणि तेलाचे दर उतरल्यावर ही चळवळ ओसरली. त्या देशाच्या मानकानुसार बनवलेली वायू भरण्याची जोडणी मात्र भारतात आजही प्रचलित आहे. पाकिस्तानात लक्षावधी वाहने सीएनजीवर आणली गेली. पुढे वायूचा तुटवडा निर्माण झाल्याने तेथील वायू केंद्रे आठवड्यातील काही दिवस बंद ठेवण्याची वेळ आली. रूपांतरणाचे यश वायूचा पुरवठा व दर यांविषयीच्या धोरणावर किती अवलंबून असते, हे या दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

भारतात या विषयाला गती मिळाली ती न्यायालयीन आदेशांमुळे. दिल्लीतील वायुप्रदूषणासंबंधी एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये दाखल केलेल्या जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी आदेश दिला. राजधानीतील सर्व सार्वजनिक बस ३१ मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर आणाव्यात, असे त्यात म्हटले होते. मुदतवाढी, वायूचा अपुरा पुरवठा आणि केंद्रांवरील लांबच लांब रांगा यांतून मार्ग काढत हे काम २००२च्या अखेरीस पूर्णत्वास गेले.

मुंबईत वायुवितरणासाठी महानगर गॅस लिमिटेडची स्थापना १९९५ मध्ये झाली. 'स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम' या संस्थेच्या याचिकेवरील मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर शहरातील जुन्या टॅक्सी मोठ्या संख्येने सीएनजीवर आल्या. प्रीमियर पद्मिनी जातीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या डिकीत सिलिंडर बसल्यामुळे प्रवाशांचे सामान टपावरील जाळीत बांधण्याची पद्धत रूढ झाली. पुणे परिसरात २००६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडने वितरण सुरू केले.

संचाची रचना

सिलिंडर: मोटारींमध्ये प्रामुख्याने जोडरहित पोलादी सिलिंडर वापरतात. ६० लिटर जलधारणक्षमतेच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाला साधारण ८ ते १० किलोग्रॅम वायू मावतो. भरताना वायू तापतो, त्यामुळे उन्हाळ्यात आणि घाईने भरल्यास प्रत्यक्षात कमी वायू बसतो. संपूर्ण धातूच्या सिलिंडरचे वजन बरेच असल्याने काही ठिकाणी तंतूंचे वेष्टण असलेले हलके, परंतु महाग सिलिंडर वापरले जातात.

सिलिंडरची झडप: हीत हाताने बंद करण्याची सोय, ठरावीक दाबापलीकडे फुटणारी चकती, आगीच्या उष्णतेने वितळणारी गुडदी आणि नळी तुटल्यास प्रवाह रोखणारी व्यवस्था असते. चकती किंवा गुडदी उघडल्यास वायू नियंत्रितपणे बाहेर पडतो व सिलिंडर फुटण्याचा धोका टळतो. सिलिंडर डिकीत असल्यास झडपेभोवती वायुरोधक पिशवी बसवून तिची नळी मोटारीच्या बाहेर काढतात.

दाबनियंत्रक: कारागिरांमध्ये हा 'रिड्यूसर' या नावाने परिचित आहे. सिलिंडरमधील उच्च दाब इंजिनाला पेलेल इतका कमी करणे हे त्याचे कार्य. दाब अचानक उतरला की वायू अतिशय थंड होतो. दाबनियंत्रक गोठू नये म्हणून इंजिनाचे गरम शीतक त्यातून फिरवतात.

अंतःक्षेपक व नियंत्रण संगणक: आधुनिक संचात प्रत्येक दट्ट्याकोशासाठी वायूचा स्वतंत्र इंजेक्टर असतो. मोटारीच्या मूळ संगणकाने ठरवलेला पेट्रोल सोडण्याचा कालावधी संचातील दुसरा संगणक वाचतो, त्यावरून वायूचे प्रमाण काढतो आणि पेट्रोलचे इंजेक्टर बंद ठेवतो. या पद्धतीस अनुक्रमिक अंतःक्षेपण म्हणतात. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या मोटारींत वायू व हवा एका मिश्रकातून एकत्र ओढली जात असे. ती पद्धत स्वस्त असली तरी मिश्रणावर तिचे नियंत्रण ढोबळ राही.

याखेरीज पोलादी उच्चदाब नळ्या, गाळणी, दाबमापक, वायू भरण्याची झडप आणि चालकाजवळील इंधननिवडीची कळ हे संचाचे इतर भाग होत.

रूपांतरणाची प्रक्रिया

प्रथम इंजिनाची तपासणी करतात. दट्ट्याकोशातील संपीडन कमी असेल, प्रज्वलनयंत्रणा कमकुवत असेल किंवा शीतकाची गळती असेल, तर ते दोष आधी दूर करावे लागतात. वायू-हवेचे मिश्रण पेटवण्यास अधिक विद्युतदाब लागतो. त्यामुळे पेट्रोलवर न जाणवणारा स्पार्क प्लगचा दोष सीएनजीवर लगेच उघड होतो.

त्यानंतर सिलिंडर मोटारीच्या सांगाड्याला पट्ट्यांनी घट्ट बसवतात. उच्चदाब नळी तळाकडून, उष्ण धूरनळीपासून दूर आणि घर्षणापासून सुरक्षित ठेवून पुढे नेतात. दाबनियंत्रक, इंजेक्टर व संगणक यांची जोडणी झाल्यावर प्रत्येक सांध्याची गळती साबणाच्या फेसाने किंवा वायुशोधकाने तपासतात. शेवटी संगणकाद्वारे वेगवेगळ्या गतींना मिश्रण जुळवून घेतात. ही जुळणी नीट न झाल्यास धक्के बसणे, गाडी बंद पडणे आणि इंजिन तापणे या तक्रारी उद्भवतात.

बहुतेक संचांत मोटार पेट्रोलवरच सुरू होते आणि शीतक पुरेसे तापल्यावर आपोआप वायूवर जाते. म्हणून टाकीत थोडे पेट्रोल सदैव ठेवणे आवश्यक असते. टाकी रिकामी राहिल्यास पेट्रोलचा पंप निकामी होऊ शकतो.

डिझेल इंजिनात ठिणगीने प्रज्वलन होत नसल्याने त्याचे असे रूपांतरण करता येत नाही. त्यासाठी संपीडन गुणोत्तर कमी करून ठिणगीची यंत्रणा बसवावी लागते किंवा इंजिनच बदलावे लागते.

कायदेशीर तरतुदी

वाहनातील बदलांबाबत मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ लागू होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५-ब सीएनजी वाहनांच्या उत्सर्जनाविषयी आहे. संचाला त्या त्या प्रकारच्या वाहनासाठी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची मंजुरी असावी लागते. १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा संस्थांपैकी एक आहे. भारत स्टेज-६ श्रेणीच्या पेट्रोल वाहनांत संच बसवण्यास केंद्र शासनाने २०२२ मध्ये अनुमती दिली. ही अनुमती ३.५ टनांपेक्षा कमी वजनाच्या वाहनांपुरती आहे.

जोडणीनंतर प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदणीपत्रावर इंधनाचा बदल नोंदवावा लागतो. विमा कंपनीसही कळवून संचाचा समावेश विमापत्रात करून घ्यावा लागतो. नोंद नसलेल्या संचामुळे अपघातानंतरचा दावा वादात सापडू शकतो. वाहन कर्जावर घेतलेले असल्यास वित्तसंस्थेची संमती आवश्यक असते.

सिलिंडरांचे नियमन पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना करते. तिचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

सिलिंडरची जलदाब चाचणी

वाहनातील सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी जलदाब चाचणी बंधनकारक आहे. सिलिंडर काढून, रिकामा करून त्यात पाणी भरतात आणि दाब नेहमीच्या दाबाच्या सुमारे पावणेदोनपट, म्हणजे ३३४ बारपर्यंत वाढवतात. दाबाखाली सिलिंडर किंचित फुगतो आणि दाब काढल्यावर बहुतांशी पूर्ववत होतो. कायम राहिलेला फुगवटा एकूण फुगवट्याच्या १० टक्क्यांहून अधिक असल्यास सिलिंडर बाद ठरतो. चाचणीसाठी हवेऐवजी पाणी वापरण्याचे कारण असे की पाणी जवळजवळ दबत नाही. त्यामुळे सिलिंडर फुटलाच तरी साठलेली ऊर्जा अल्प असते व स्फोट होत नाही.

उत्तीर्ण सिलिंडरवर चाचणीचा दिनांक कोरतात आणि वाहनावर त्याची पट्टी लावतात. गंज, खोल ओरखडा, आगीची झळ किंवा अपघाताचा मार लागलेला सिलिंडर मुदत शिल्लक असली तरी तपासून घ्यावा लागतो. चाचणी न करता केवळ प्रमाणपत्र मिळवणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्याने चाचणीचा हेतूच नष्ट होतो. कारण धातूची अंतर्गत झीज बाहेरून दिसत नाही.

सुरक्षितता

हवेपेक्षा हलकेपणा आणि उच्च प्रज्वलन तापमान यांमुळे सीएनजी हे स्वभावतः तुलनेने सुरक्षित इंधन मानले जाते. धोका प्रामुख्याने दाबातून आणि निकृष्ट जोडणीतून उद्भवतो. अन्य वायूंसाठी बनवलेले किंवा मुदत संपलेले सिलिंडर बसवणे, झडपेवरील वायुरोधक पिशवी काढून टाकणे आणि विजेच्या तारा उघड्या सोडणे हे विशेष घातक प्रकार होत.

वायू भरताना इंजिन बंद करून सर्व प्रवाशांनी खाली उतरणे आवश्यक आहे. वायूचा वास आल्यास मोटार मोकळ्या जागी थांबवावी, इंजिन बंद करावे, दारे उघडावीत व सिलिंडरची हाताची झडप बंद करावी. दिवे किंवा पंख्याची बटणे हाताळू नयेत. दुरुस्ती अधिकृत केंद्रातच करून घ्यावी.

आर्थिक विचार

रूपांतरण परवडते की नाही हे मुख्यतः वार्षिक धावेवर ठरते. उदाहरणादाखल संचाचा खर्च ६०,००० रुपये, पेट्रोलचा दर लिटरला १०५ रुपये व सीएनजीचा किलोला ८० रुपये मानू. मोटार पेट्रोलवर १५ व सीएनजीवर २० किलोमीटर धावत असल्यास प्रतिकिलोमीटर खर्च अनुक्रमे ७ व ४ रुपये येतो. बचत ३ रुपये असल्याने २०,००० किलोमीटरनंतर खर्च भरून निघतो. महिन्याला १,००० किलोमीटर धावणाऱ्यास त्यासाठी २० महिने लागतात, तर ४०० किलोमीटर धावणाऱ्यास चार वर्षांहून अधिक काळ लागतो. विम्याचा वाढीव हप्ता, जलदाब चाचणी आणि देखभाल या खर्चांमुळे ही मुदत आणखी लांबते. टॅक्सीचालकांनी रूपांतरण सर्वप्रथम का स्वीकारले, याचे उत्तर या हिशेबात आहे.

मर्यादा

- वायू दट्ट्याकोशात हवेची सुमारे दहावा हिस्सा जागा व्यापतो. त्यामुळे इंजिनाची शक्ती साधारण तेवढ्याच प्रमाणात घटते व घाटात हे विशेष जाणवते.
- मिथेनचा ऑक्टेन अंक १२०हून अधिक असला तरी पेट्रोलसाठी बनवलेल्या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर मर्यादित असल्याने त्याचा पूर्ण लाभ मिळत नाही.
- डिकीतील जागा कमी होते. मागील भागावरील वजन वाढल्याने स्प्रिंगांवर ताण येतो.
- काही इंजिनांत झडपांच्या बैठकींची झीज लवकर होते.
- वाहन उत्पादकाची हमी अंशतः वा पूर्णतः रद्द होऊ शकते.
- वायू केंद्रांची संख्या कमी असलेल्या भागांत लांब पल्ल्याचा प्रवास गैरसोयीचा ठरतो.

पर्यावरणीय परिणाम

मिथेनच्या रेणूत कार्बनचे प्रमाण हायड्रोजनच्या तुलनेत कमी असते. समान ऊर्जेसाठी त्याच्या ज्वलनातून पेट्रोलपेक्षा सुमारे २० ते २५ टक्के कमी कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, आणि धूलिकण अत्यल्प असतात. परंतु न जळलेला मिथेन हा स्वतः प्रभावी हरितगृह वायू आहे. शंभर वर्षांच्या कालावधीत त्याचा तापमानवाढीवरील परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून अधिक असतो. नळ्यांतील किंवा वितरणातील गळतीमुळे हा लाभ कमी होऊ शकतो. शेण, शेतीतील अवशेष व ओला कचरा यांपासून मिळणारा जैववायू शुद्ध करून संपीडित केल्यास तो त्याच संचात वापरता येतो.

हेही पाहा

- नैसर्गिक वायू
- मिथेन
- द्रवीकृत पेट्रोलियम वायू
- अंतर्ज्वलन इंजिन
- जैववायू
- भारत स्टेज उत्सर्जन मानके