शॉर्टवेव्ह रेडिओ घ्यायचाय? कन्नौद-खातेगावकडं काय लागतं, कधी लागतं, कसं लावायचं

घरातला जुना ट्रांझिस्टर बंद पडला की आजोबांसाठी नवा आणायचा विषय निघतो. दुकानात किंवा ऑनलाइन बघितलं की डब्यावर लिहिलेलं असतं : एफएम, एमडब्ल्यू, एसडब्ल्यू. त्यातलं ‘एसडब्ल्यू’ म्हणजे शॉर्टवेव्ह अजून चालतं का, त्यावर मराठी लागेल का, हे प्रश्न कन्नौद, खातेगाव, देवास, धारकडच्या मराठी घरांत हमखास येतात. होळकर-पवारांच्या काळात इकडं आलेल्या या घरांना महाराष्ट्राचा आवाज रेडिओवरून ऐकायची सवय जुनी.

उत्तर आधीच सांगतो. रेडिओ जरूर घ्या, पण मराठीच्या आशेवर शॉर्टवेव्हचा काटा फिरवत बसू नका. मराठी शोधायची ती मीडियम वेव्हवर आणि तीही अंधार पडल्यावर. शॉर्टवेव्ह आहे ती लांबच्या जगासाठी. एकाच डब्यात दोन्ही येतं म्हणून असा रेडिओ कामाचा.

मीटर आणि मेगाहर्ट्झ

जुन्या रेडिओवर २५ मीटर, ३१ मीटर, ४१ मीटर असं लिहिलेलं असायचं. नव्यावर मेगाहर्ट्झ किंवा किलोहर्ट्झ असतं. हिशेब सोपा आहे : ३०० ला मेगाहर्ट्झनं भागलं की मीटर निघतात. १२ मेगाहर्ट्झ म्हणजे २५ मीटर. एक मेगाहर्ट्झ म्हणजे हजार किलोहर्ट्झ.

शॉर्टवेव्हवर स्टेशनं सगळीकडं सारखी पसरलेली नसतात, ठरावीक पट्ट्यांत गर्दी करून बसलेली असतात. ४९ मीटर म्हणजे ५.९ ते ६.२ मेगाहर्ट्झ, ४१ मीटर म्हणजे ७.२ ते ७.४५, ३१ मीटर म्हणजे ९.४ ते ९.९, २५ मीटर म्हणजे ११.६ ते १२.१ आणि १९ मीटर म्हणजे १५.१ ते १५.८. सुरुवातीला एवढे पाच पट्टे पुरतात. मधली जागा जहाजं, विमानं, सरकारी संदेश अशांची.

एक नियम मात्र पाठ करा : सूर्य वर तर आकडा वर, सूर्य खाली तर आकडा खाली. जमिनीपासून शंभरेक किलोमीटर आणि त्याहून वर हवेचे विद्युतभारित थर असतात. त्यांवर आदळून शॉर्टवेव्ह परत खाली येते, म्हणून हजारो किलोमीटर जाते. दिवसा उन्हामुळं त्याखाली आणखी एक थर तयार होतो आणि तो कमी आकड्याच्या लहरी गिळून टाकतो. म्हणून भर दुपारी ४९ मीटरवर शुकशुकाट असतो आणि १९ मीटरवर कोणीतरी सापडतं. रात्री उलट. नवा रेडिओ दुपारी बारा वाजता उघडून ‘काहीच लागत नाही’ म्हणून परत करणारे बरेच असतात. त्यांनी संध्याकाळी सातपर्यंत थांबायला हवं होतं.

मराठी कुठं सापडेल

तोच थर दिवसा मीडियम वेव्हलाही गिळतो. रात्री तो विरतो आणि लांबची केंद्रं यायला लागतात. कन्नौदपासून सरळ रेषेत जळगाव सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, नागपूर तीनशेच्या जवळ, मुंबई साडेपाचशेच्या वर. दिवसा आपल्याकडं इंदूरचं ६४८ किलोहर्ट्झ बघावं. हे आकाशवाणी केंद्र १९५५ साली सुरू झालं, माळव्याच्या दोन-तीन पिढ्या त्यावर वाढल्या. रात्री मात्र काटा या आकड्यांवर न्या : मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८, नागपूर ५८५, पुणे ७९२, जळगाव ९६३.

आकाशवाणीनं गेल्या काही वर्षांत मीडियम वेव्हची बरीच प्रक्षेपकं बंद केलीत, शॉर्टवेव्हची तर जवळपास सगळीच. त्यामुळं एखाद्या आकड्यावर चार-पाच रात्री काहीच आलं नाही तर रेडिओला दोष देऊ नका. कधी स्टेशनच्या जागी एकसारखा फुस्स आवाज येतो. तो बिघाड नव्हे, डिजिटल प्रक्षेपण असतं. साध्या रेडिओला ते कळत नाही.

डिजिटल आकड्यांचा रेडिओ घेतला असेल तर पहिलं काम : सेटिंगमध्ये मीडियम वेव्हचा टप्पा ९ किलोहर्ट्झ करा. आपल्याकडची स्टेशनं नवाच्या पाढ्यात बसतात, वरचे आकडे भागून बघा. काही सेट अमेरिकेच्या हिशेबानं १० वर लावलेले येतात आणि मग ५५८ कधी समोर येतच नाही, ५५० नंतर थेट ५६०.

दुसरं म्हणजे, मीडियम वेव्हला वरची एरियल ओढून काही उपयोग नाही. तिची एरियल आत असते, फेराइटची कांडी. अख्खा रेडिओ हळूहळू गोल फिरवायचा. एका दिशेला आवाज उघडतो, त्याच्या काटकोनात बुडतो. दोन स्टेशनं एकमेकांवर चढली असतील तर नको असलेलं असंच बुडवता येतं.

मोबाइलवर ‘न्यूज ऑन एअर’ ॲपमध्ये आकाशवाणीची मराठी केंद्रं स्वच्छ ऐकू येतात, हेही खरं. नेट चांगलं असेल आणि फक्त मराठीच हवी असेल तर तेच सोयीचं. पण नेमावरकडं शेतावर नेट गेलं, लाइट गेले, तरी दोन सेलवर चालणारी वस्तू रेडिओच.

शॉर्टवेव्हवर आता काय उरलंय

एकेकाळी हाच पट्टा देशाची करमणूक होता. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व प्रसारणमंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे कैवारी. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हटली आणि श्रोते उठून रेडिओ सिलोनकडं गेले. त्याच वर्षी तिथं अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली होती. लोकांनी खास शॉर्टवेव्ह लागणारे सेट शोधून घेतले ते त्यासाठी. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारलाच विविध भारती काढावी लागली. शास्त्रीय संगीताचं भलं किती झालं ते माहीत नाही, रेडिओच्या दुकानदारांचं नक्की झालं.

आता तेवढी गर्दी नाही. १९४० पासून चालत आलेलं बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं. मात्र पट्टा रिकामा झालेला नाही. संध्याकाळनंतर ३१ आणि ४१ मीटरवर चीनची केंद्रं जोरात असतात, बीबीसीची इंग्रजी सेवा असते, अरबी आणि फारसी केंद्रं असतात. १०,००० किलोहर्ट्झवर कधी नुसती टिक टिक ऐकू येते. ती चीनच्या वेळदर्शक केंद्राची. स्टेशन लागत नसेल तेव्हा ही टिक टिक येते का बघायचं : आली तर रेडिओ ठीक आणि हवाही ठीक.

मुंबईच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी १९४२ च्या आंदोलनात चालवलेला काँग्रेस रेडिओही शॉर्टवेव्हवरच होता, ४२.३४ मीटरवर. वरच्या हिशेबानं ते साधारण ७.०८५ मेगाहर्ट्झ होतं. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत जागा बदलत तो चालला. आज त्या आकड्याच्या आसपास, ७ ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये, हॅम म्हणजे परवानाधारक हौशी मंडळी बोलतात, सकाळी विशेष. त्यात मराठीही कानावर येते. मात्र साध्या रेडिओवर तो आवाज बदकासारखा येतो. तो समजण्यासाठी सेटमध्ये एसएसबी ही सोय लागते. ऐकायला परवाना लागत नाही, बोलायला परीक्षा देऊन घ्यावा लागतो.

खरा शत्रू घरात आहे

नव्या माणसाची निराशा स्टेशनांमुळं कमी आणि घरातल्या खरखरीमुळं जास्त होते. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर, वायफायचा डबा, टीव्ही, सगळे शॉर्टवेव्हवर आवाज करतात. एक प्रयोग करा : रेडिओ सेलवर चालवा, संध्याकाळी घराचा मेन स्विच दोन मिनिटं बंद करा. खरखर एकदम गेली तर चोर घरातच आहे. मग एकेक वस्तू चालू करत तो पकडता येतो. चार्जरवर लावून ऐकणं तर टाळाच.

यात गावाची बाजू शहरापेक्षा उजवी. इंदुरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला जे मिळत नाही ते कन्नौदच्या बाहेर मळ्यावर खाटेवर बसून मिळतं. लाइट गेलेली रात्र म्हणजे तर पर्वणीच.

आवाज कमी पडत असेल तर पाच-सात मीटर साधी वायर घ्या, एक टोक चिमट्यानं एरियलला लावा, दुसरं खिडकीतून बाहेर झाडाला. विजेच्या तारांपासून लांब. वायर याहून फार लांब केली तर स्वस्त सेट गोंधळतो, एकच स्टेशन चार ठिकाणी वाजतं. मे-जूनमध्ये आभाळ गडगडायला लागलं की वायर काढून बाहेर टाकायची, हे विसरायचं नाही. त्या दिवसांत लांबच्या विजांची कडकडही ऐकू येते, तिला इलाज नाही.

कोणता घ्यावा

फक्त आजोबांना जळगाव-मुंबई ऐकायचं असेल तर काटेवाला साधा सेट बरा. मोठी बटणं, मोठा स्पीकर, बाजारात मिळणारे सेल. स्वतः शोधाशोध करायची असेल तर आकडे टाकता येणारा डिजिटल घ्या. टेकसन पीएल-३३० किंवा एक्सएचडाटा डी-८०८ यांत एसएसबीही आहे. किंमत साध्याच्या काही पट पडते. ‘बारा बँड’ लिहिलेल्या झगमगीत डब्याला भुलू नका. ब्लूटूथ, टॉर्च आणि पेनड्राइव्ह भरपूर, पण काटा जरा हलला की तीन स्टेशनं एकदम.

वेळापत्रकं यूटीसीत असतात, त्यात साडेपाच तास मिळवायचे : १४३० म्हणजे आपले रात्रीचे आठ. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बहुतेक केंद्रांच्या फ्रिक्वेन्सी बदलतात. म्हणून सापडलेलं स्टेशन वहीत तारीख, वेळ आणि आकड्यासह लिहून ठेवा आणि त्या दोन रविवारांनंतर यादी पुन्हा नव्यानं करा.