हवा गेली तर काय होईल?

कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके घेत जाते, तेव्हा डब्याखालून मधूनमधून 'फुस्स' असा आवाज येतो. ब्रेकमध्ये कोंडलेली हवा सुटल्याचा तो आवाज. अशीच कोंडलेली हवा या परिसरातील कारखान्यांत नळांवरच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडते आणि मिटते. या दोन्ही गोष्टींमागे एकच विचार आहे.

हा लोहमार्ग १८५६ साली कल्याणहून खोपोलीपर्यंत पोचला आणि १८६३ साली बोरघाट चढून गेला. त्या काळी ब्रेकचे चाक माणसे हाताने फिरवीत. १८६९ साली अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी हे काम हवेवर सोपवले. इंजिनातून नळीवाटे हवा सोडली की ब्रेक लागे. पण नळी फुटली तर? ब्रेकच नाही! १८७२ साली त्यांनी योजना उलटी केली. नळीत हवेचा दाब कायम ठेवायचा आणि तो उतरला, की डब्याखालच्या टाकीत साठवलेल्या हवेने ब्रेक लागायचा. आता नळी फुटली तर गाडी आपोआप थांबू लागली.

झडपांची कथाही हातानेच सुरू होते. अमेरिकेतील मार्शलटाउन गावात आग लागली असता पाण्याचा दाब टिकवण्यासाठी विल्यम फिशर यांना वाफेचे पंप रात्रभर हाताने सांभाळावे लागले, असे सांगतात. १८८० साली त्यांनी पंपाचा दाब आपोआप कायम राखणारा नियंत्रक तयार केला. पुढे झडपेच्या दांड्यावर हवेचा पडदा किंवा दट्ट्या बसला. यालाच आज 'न्यूमॅटिक ॲक्च्युएटर' म्हणतात. १० सेंमी. व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौ. सेंमी. भरते. दर चौ. सेंमी.ला ५ किलोग्रॅम दाब दिला, तर सुमारे ३९० किलोग्रॅम वजनाएवढे बल मिळते. कोणाचा हात एवढे बल लावणार?

मग विजेची मोटर का नको? शहाडच्या रेयॉन कारखान्याचे उदाहरण घेऊ. तेथे १९५६ पासून व्हिस्कोस धागा बनतो. या धाग्यासाठी कार्बन डायसल्फाइड लागते. त्याची वाफ सुमारे १०० अंश सेल्सिअसलाच, ठिणगीवाचूनही, पेट घेऊ शकते. अशा पदार्थांजवळ साध्या मोटरची ठिणगी परवडत नाही. हवेच्या दट्ट्यात ठिणगीचा प्रश्नच येत नाही.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच्या वसाहतींमुळे अंबरनाथ-बदलापूर भागात रासायनिक कारखाने वाढले. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापुरातील एका कारखान्यातून वायुगळती झाली आणि आसपासच्या लोकांना श्वास घेणे कठीण झाले. रासायनिक क्रिया प्रमाणाबाहेर तापल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. तापणारी क्रिया आवरायची असेल, तर वाफ तोडावी लागते आणि थंड पाणी सोडावे लागते. नेमकी त्याच वेळी कॉम्प्रेसरची हवा गेली तर?

याचे उत्तर दट्ट्यामागच्या स्प्रिंगमध्ये आहे. वाफेच्या झडपेची स्प्रिंग अशी बसवतात, की हवा जाताच झडप मिटावी. थंड पाण्याच्या झडपेची स्प्रिंग अशी, की हवा जाताच झडप उघडावी. यंत्र तेच, फक्त स्प्रिंगची बाजू बदलते. कोणती बाजू निवडायची हे संकट येण्याआधी, कागदावर ठरवावे लागते. शिवाय स्प्रिंग गंजते आणि झडप अडकते. म्हणून मुद्दाम हवा तोडून ती अधूनमधून तपासावी लागते.

वर्गात हे सहज दाखवता येईल. सुई काढलेल्या दोन सिरिंज सलाइनच्या नळीने जोडाव्यात आणि दट्ट्यांना थोडे तेल लावावे. दुसऱ्या सिरिंजचा दट्ट्या आत ओढला जाईल असे रबर तिला बांधावे. पहिला दट्ट्या दाबला, की दुसरा बाहेर येतो. तो दाबलेला असतानाच नळी उपसून काढली, की रबर दुसऱ्या दट्ट्याला आत ओढते. मग विद्यार्थ्यांना विचारावे: हवा गेली तर बॉयलरच्या इंधनाची झडप कोणत्या स्थितीत जावी? आणि आगीवर पाणी मारणाऱ्या फवाऱ्यांची?