वाळवंटातली आइस हॉकी: लेह ते अल ऐन

आजचा भाग सुरू करू आपल्या सिद्धेश्वर तलावापासून. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला गेल्यावर कधी मनात आलंय का, की हे पाणी गोठलं आणि त्यावर पोरं हॉकी खेळायला लागली तर? आपल्याकडे बर्फ म्हणजे गोळा, तेवढाच संबंध. पण त्याच जानेवारीत लेहमध्ये तळी खरोखर गोठतात आणि पोरं त्यावर हॉकी खेळतात.

आता गंमत बघा. लेह हेसुद्धा वाळवंटच आहे, फक्त थंड. सोलापूरला आपण दुष्काळी म्हणतो, तरी इथं सरासरी ५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. लेहला जेमतेम १००. आणि भारताच्या आइस हॉकी टीममधले बहुतेक खेळाडू या लडाखमधूनच येतात.

तिथं हा खेळ रुजवण्यात सैन्याचा मोठा हात. सुरुवातीला स्केट्स कुठले मिळायला? आर्मीच्या जुन्या बुटांना खाली लोखंडी पाती ठोकायची आणि उतरायचं बर्फावर. १९८९ मध्ये भारत आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य झाला. पण पुरुषांची टीम पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळली थेट २००९ मध्ये, अबू धाबीला. मध्ये तब्बल २० वर्षं गेली!

असं का? कारण लेहचा बर्फ दोन-अडीच महिनेच टिकतो. उलट कुवेतसारखा रखरखीत देश आपल्या चार वर्षं आधी, १९८५ मध्येच सदस्य झाला होता. तिकडे बर्फ मशीनवर बनतो. जमिनीखाली नळ्या असतात, त्यातून शून्याच्या खाली थंड केलेलं द्रव फिरवतात आणि वर पाण्याचा थर गोठवतात. वीज चालू, तर बर्फ चालू. म्हणजे सराव वर्षभर.

आपणही असा रिंक बांधला होता. देहरादूनला, २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी. स्पर्धा झाल्या आणि तो कित्येक वर्षं बंद पडला. वीज आणि देखभालीचा खर्च झेपेना. पुन्हा उघडला २०२५ मध्ये.

या सगळ्यात लडाखच्या मुलींनी काय केलं ते ऐका. २०१६ मध्ये पहिल्यांदा तैपेईला जायचं होतं, तर लोकांकडून ऑनलाइन वर्गणी गोळा करावी लागली. तिथं त्या हरल्या. पुढच्याच वर्षी बँकॉकमध्ये फिलिपिन्सला ४-३ नं हरवलं, हा त्यांचा पहिला विजय. आणि २०२५ मध्ये आशिया कपमध्ये ब्राँझ मेडल! कुठं? संयुक्त अरब अमिरातीत, अल ऐनला. थंड वाळवंटातल्या पोरींनी मेडल जिंकलं ते उन्हाच्या वाळवंटात, मशीनच्या बर्फावर.

आपल्या महाराष्ट्रातली पोरं तर चाकांच्या स्केट्सवर सराव करून लेहला खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेत जातात आणि आइस स्केटिंगची मेडल्स घेऊन येतात. त्यांना वर्षभर बर्फ मिळाला तर काय होईल, विचार करा. गल्लीत कुणी पोरगं स्केट्स घालून फिरत असेल, तर हा भाग त्याला नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात!