गेल्यावर सगळं गाव येतं. त्याआधी कोण?

आमच्या मेहकरात माणूस गेला की अर्ध्या तासात गल्ली जमते. तिरडी बांधणारे, डबे पाठवणारे, सगळे न सांगता येतात. पण कॅन्सरच्या पेशंटला मोठ्या दवाखान्यानं "आता घरी न्या" म्हटल्यापासूनचे दोन-तीन महिने? तेव्हा घरात फक्त घरचेच असतात. काही वर्षांपासून मी अशा घरी जाऊन बसतो. एका काकूंनी नवऱ्याकडे बघत विचारलं होतं, "भाऊ, यायचं दुखनं कधी थांबन?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून या कामाचा इतिहास वाचायला घेतला.

1948 मध्ये लंडनला सिसिली सॉन्डर्स ही समाजसेविका डेव्हिड टास्मा या मरणासन्न पोलिश ज्यू निर्वासिताला भेटायला जायची. जाताना त्यानं तिच्यासाठी 500 पौंड ठेवले. ती पुढे डॉक्टर झाली आणि 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं राहिलं. बघा, सुरुवात इमारतीपासून नाही, जवळ बसण्यापासून झाली.

भारतातलं पहिलं हॉस्पिस आपल्याच महाराष्ट्रात निघालं: वांद्र्याचं शांती आवेदना सदन, 1986, डॉ. एल. जे. डिसोझा यांचं. 1997 ला पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आलं. पण खेड्यापाड्यांचा रस्ता दाखवला केरळनं. 1993 ला कोझिकोडमध्ये डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी काम सुरू केलं. पुढे वस्तीतल्याच साध्या माणसांना शिकवून घरोघरी सेवा पोचवली. 2008 ला तिथल्या सरकारनं त्याचं धोरण केलं.

आणि औषध? आपला देश अफू पिकवतो, पण 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळात आपल्याच पेशंटला मॉर्फिन मिळेना. 2014 ला कायदा सुधारला. तरी तालुक्याच्या ठिकाणी आजही किती घरांना हे माहीत आहे?

मित्रांनो, समृद्धी महामार्गानं मेहकरहून मुंबई जवळ आली, पण परतलेल्या पेशंटच्या खाटेपर्यंत कुणी तरी पायीच जायला हवं. आठवड्यातले दोन तास पुरतात. कूस बदलायला हात लावा, ओठ ओले करा, रात्रभर जागलेल्या सुनेला थोडं झोपू द्या. आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा, दुखणं कमी करायला काय देता येईल?

काकूंना मी तेव्हा एवढं तरी सांगायला हवं होतं: आजार बरा होणार नसला तरी दुखणं कमी करता येतं.