अंतिग्वो कुस्कात्लान

एल साल्वादोरच्या ला लिबर्ताद विभागातील नगर. राजधानी सान साल्वादोरला पश्चिमेच्या अंगाने इतके चिकटलेले, की हद्द कुठे ओलांडली ते कळत नाही. नाव मात्र राजधानीहून जुने. ‘अंतिग्वो’ म्हणजे प्राचीन, ‘कुस्कात्लान’ ही पिपिल या मूळ रहिवासी लोकांची सत्ता आणि तिचे मुख्य ठाणे. जून 1524 मध्ये आकाहुत्लाच्या लढाईत मांडीला बाण लागलेला स्पॅनिश सेनानी पेद्रो दे आल्वारादो इथे पोचला, तेव्हा लोक गाव सोडून डोंगरात निघून गेले होते. पुढच्याच वर्षी स्पॅनिशांनी सान साल्वादोर वसवले आणि जुने ठाणे साधे खेडे होऊन राहिले.

वसाहतकाळात या प्रदेशाचे धन म्हणजे नीळ. तिचे स्पॅनिश नाव ‘आन्यिल’ अरबीतून आले असले, तरी मूळ शब्द संस्कृत ‘नीली’च. एकोणिसाव्या शतकात निळीची जागा कॉफीने घेतली. 1881–82 च्या कायद्यांनी गावोगावच्या सामायिक जमिनी मोडीत काढल्या आणि त्या मोजक्या घराण्यांच्या मळ्यांत गेल्या. आजच्या श्रीमंतीचा पाया इथे आहे, आणि तिच्यातला अन्यायही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॉफीच्या जमिनीवर वसाहती उठल्या. सांता एलेना भागात अमेरिकेचा दूतावास आला. मुल्तिप्लासा, ला ग्रान व्हिया ही मोठी व्यापारसंकुले 2004 मध्ये सुरू झाली. देशाचे चलन 2001 पासून अमेरिकन डॉलर. मानवी विकासाच्या क्रमवारीत हे नगर देशात अव्वल ठरले आहे.

‘प्लान दे ला लागुना’ मुद्दाम पाहावा. हे ज्वालामुखीचे विवर. त्यातले तळे 1873 च्या भूकंपानंतर आटले, असे सांगतात. आता त्या बशीसारख्या तळात कारखाने आहेत आणि त्यांना खेटून, 1978 मध्ये लोकांसाठी खुले झालेले वनस्पती उद्यान.

मध्य अमेरिकन विद्यापीठाचा परिसरही याच नगरात. देशातल्या यादवी युद्धात, 16 नोव्हेंबर 1989 च्या पहाटे, लष्कराने तिथे सहा जेझुइट धर्मगुरूंना आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या एल्बा रामोस व त्यांची मुलगी सेलिना यांना ठार केले. जिथे हत्या झाल्या, तिथे आज गुलाबाची बाग आहे.

मिलाग्रो नावास 1988 ते 2024 सलग या नगराच्या महापौर होत्या. देशातील 262 नगरपालिकांच्या 44 केल्यावर, मे 2024 पासून हे नगर ‘ला लिबर्ताद पूर्व’मधील एक जिल्हा झाले. एल एस्पिनोच्या जुन्या कॉफीमळ्यातली उरलीसुरली सावलीची झाडे मात्र अजून पावसाचे पाणी जमिनीत मुरवतात आणि राजधानीच्या विहिरींना पुरवतात.