बादशहाला नकोशी झालेली दलदल

१/८
हिवाळ्यातील एखाद्या पहाटे पडेगावाहून निघून छावणी ओलांडावी आणि शहराच्या उत्तरेचा दिल्ली दरवाजा गाठावा. जवळच सलीम अली सरोवर दिसते. पक्षिनिरीक्षकांना प्रिय असलेले हे पाणी एकेकाळी शहराच्या आरोग्याचे शत्रू मानले गेले होते. त्याची ही कथा.

२/८
इ.स. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली. पुढे दख्खनचा सुभेदार असताना औरंगजेबाने तिला आपले नाव दिले. या शहराने डोंगरातले पाणी नहरींनी खेळवले. उत्तर अंगाला मात्र ते आपसूक साचत असे. तेथील विस्तीर्ण जलाशय म्हणजे खिजरी तलाव.

३/८
१६९२ मध्ये औरंगजेबाने याच बाजूला किले अर्क उभारला. जुन्या वर्णनांनुसार उत्तरेच्या तटालगत दलदल पसरली होती आणि तिची ओल प्रकृतीला अपायकारक ठरत होती. बादशहाने शहराजवळचा भाग भरून काढून तेथे शेते करवली. उरले ते आजचे सरोवर.

४/८
या निर्णयाला हसण्याचे कारण नाही. दलदलीची दूषित हवा ताप आणते, ही समजूत तेव्हा जगभर होती. खरा दोषी डास आहे, याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये मिळाला. तोही निजामाच्याच राज्यात, सिकंदराबादेत.

५/८
त्याच्या आदल्या वर्षी मुंबईत सलीम अली जन्मले. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. औरंगाबाद तेव्हा त्याच संस्थानात होते. बादशहाने आक्रसवलेल्या तलावाला पुढे या पक्षितज्ज्ञाचे नाव मिळाले.

६/८
पक्ष्यांना हवा असतो तो उथळ, चिखलाचा काठ. उत्तरेकडून हिवाळ्यात येणारा थापट्या आपल्या रुंद चोचीच्या कडांवरील कंगव्यासारख्या दातांनी पाणी गाळून अन्न टिपतो. तुतारी चिखलातले किडे शोधते. पाणकोंबडीला पाणवनस्पतींचा आडोसा लागतो. खोल, स्वच्छ, दगडी काठाच्या तळ्यात यांपैकी काहीच नसते.

७/८
बादशहाने बुजवला तो नेमका हाच काठ. आज त्याला सांडपाणी आणि जलपर्णी ग्रासतात, आणि सुशोभीकरणाचा मोहही धोक्याचाच. फरसबंदी आणि दिव्यांची रोषणाई माणसांना आवडते. पक्ष्यांसाठी मात्र ती दुसरी भरणीच ठरते.

८/८
औरंगजेबाच्या काळी चिखलाचे मोल सांगणारे शास्त्र नव्हते. आपल्याजवळ ते आहे, आणि तलावावर ते सांगणाऱ्याचे नावही आहे. या हिवाळ्यात दुर्बीण घेऊन जाल, तेव्हा पक्ष्यांआधी काठाकडे पाहा. तो कोरडा किंवा बांधीव होत चालला असेल, तर त्याचीही नोंद करा. इतिहासाची साधने अशाच नोंदींतून घडतात.